कान लांब की आखूड

बावीस वर्षांच्या संसारात माझ्या नवऱ्याला मी धड बसलेला पाहिला नाही. जेवायचा तो चुलीपाशी उभा राहून. वाडगा हातात आणि एक डोळा दाराबाहेर. चर्चमध्ये सगळे गुडघे टेकायचे, हा मागच्या खांबाशी एका पायावरून दुसऱ्या पायावर. लग्नाच्या दिवशी माझी आई माझ्या कानात म्हणाली होती, "ओलाया, याच्या पायाला भिंगरी आहे, दाराला आतून कडी घालत जा." तोरिबिओ त्याचं नाव. पेदर्नालचा गाढववाला तोरिबिओ म्हटलं की ताहो नदीपर्यंत लोक ओळखायचे.

गाढववाला म्हणजे ओझी वाहणारा नव्हे, हे आधीच सांगते, कारण लोक तसं समजतात आणि माझं डोकं फिरतं. आमच्याकडे एकच गाढव होतं, पण ते नर, पैदाशीचं. काळंभोर, लोकरीसारख्या केसांचं, उंचीला खेचराएवढं. त्याचं नाव अबाद, म्हणजे मठाधिपती. पोट तसं होतं म्हणून. पाद्रीबाबांना ते नाव आवडायचं नाही, पण त्यांच्या स्वयंपाकिणीची गाढवीण दर वसंतात आमच्याच दारात यायची, तेव्हा बोलणार काय? अकरा गावांच्या गाढविणी यायच्या. त्यावर आमची भाकरी, डुकराची चरबी आणि रविवारची वाइन चालायची. अबाद गेला तर आम्ही गेलो, इतकं सरळ होतं ते.

गाढविणी यायच्या. घोड्या नाही. राजाचा हुकूम होता की ताहोच्या दक्षिणेला गाढव घोडीला लावायचं नाही. लोकांना खेचर हवं असतं. ते नांगराला दणकट, खायला कमी, बाजारात किंमत घोड्याहून जास्त. सगळ्यांनी तसंच केलं तर राजाच्या लढाईला घोडे कुठून येणार? म्हणून दर वसंतात सरकारी तपासनीस यायचा, गावातली शिंगरं बघायचा, कान बघायचा. घोडीच्या पोटी लांब कान निघाले की गाढव जप्त, घोडी जप्त, आणि माणसाची गाढवावरून धिंड. नदीच्या पलीकडे मात्र हाच धंदा उजळ माथ्यानं चालायचा. तोरिबिओनं बावीस वर्षांत एका घोडीला अबादच्या वाऱ्यालासुद्धा उभं केलं नव्हतं.

आणि गंमत बघा, हा माणूस स्वतः कधी कुठल्या जनावरावर बसला नाही. घोडा नाही, खेचर नाही, गाढव नाही. म्हणायचा, "मी त्यांचा चाकर आहे, ओझं नव्हे." सगळीकडे पायी.

आमच्या गल्लीच्या टोकाला दोन्या मेन्सिया राहायच्या. दोन्या म्हणजे आमच्याकडे खानदानी बाईंना म्हणतात. कप्तानाची विधवा, मोठं घराणं, पण घरात उरलं होतं काय तर एक शेगडी, पुस्तकांची एक पेटी आणि एक करडी घोडी. रविवारी बाईसाहेब त्या घोडीवर खुर्चीचं खोगीर घालून चर्चला जायच्या. घर आमच्यापासून तीनशे पावलांवर असेल, पण पायी जायच्या नाहीत. मला एकदा म्हणाल्या, "ओलाया, माझ्या अंगावरचा झगा तीनदा उलटवून शिवलाय, ते कुणाला दिसत नाही. पण मी पायी आले किंवा गाढवावर आले, तर सगळ्या गावाला दिसेल." घोडी होती म्हणून त्या अजून दोन्या मेन्सिया होत्या. नाहीतर नुसती मेन्सिया, आमच्यासारखी.

हिवाळ्यात रविवारी दुपारी त्या शेगडीभोवती आम्हा शेजाऱ्यांना बोलवायच्या आणि पुस्तक वाचून दाखवायच्या. शूर सरदारांची पुस्तकं, राक्षस, मनोरे, जादूगारिणी. आम्ही बायका सूत कातता कातता ऐकायचो. तोरिबिओ दाराला टेकून उभा, आणि तोंड गप्प राहील तर शपथ.

"बाईसाहेब, यात सरदार घोड्यावर, राजकन्या पांढऱ्या घोडीवर, वैद्य न् पाद्री खेचरावर. गाढवावर कोण?"

"गाढवावर हरलेला माणूस बसतो, तोरिबिओ. उलट्या तोंडानं."

"म्हणजे शरमेलाच गाढव. दळण कोण आणतं त्या राज्यात? चंद्रावरून येतं का पीठ?"

"तुला ऐकायचं नसेल तर जा."

"चाललोच आहे," म्हणायचा, आणि शेवटच्या पानापर्यंत तिथंच.

त्या वर्षी मार्चमध्ये एक गोष्ट अर्ध्यावर थांबली. बाईसाहेबांचे डोळे दुखायला लागले म्हणून. सरदाराचा घोडा मेलेला. मनोऱ्यातल्या बाईला सूर्य मावळताना जाळणार. समोर झाडाला एक खेचर बांधलेलं, खोगीर घातलेलं. खेचरावर बसला तर सरदारकी गेली, त्याची तशी शपथच होती. पायी निघाला तर पोचणार नाही. पुस्तक मिटलं.

आठवडाभर माझ्या नवऱ्यानं माझं डोकं खाल्लं. कोंडा मळताना, पाणी शेंदताना, अंथरुणात. "ओलाया, बसला असेल का गं?"

"मला काय माहीत. झोप."

"बसायला पाहिजे. बाई जळतेय तिकडे."

"मग बसला."

"पण मग सरदार कसला?"

मी पाठ फिरवून झोपायचे. हा उठून अंगणात फेऱ्या मारायचा, एका कागदी माणसासाठी.

त्याच आठवड्यात दोन्या मेन्सियांची घोडी शेजारच्या गावच्या घोड्याला लावून आणली होती, मार्चअखेरच्या मेरीमातेच्या सणाला. बाईसाहेबांच्या तबेल्याचं छप्पर उतरवलेलं, म्हणून चार दिवस घोडी आमच्या मागच्या आवारात ठेवली. मधे लाकडी अडसर, पलीकडे अबाद. रविवारी दुपारी तोरिबिओनं अबादला पाणी दाखवलं आणि धावत सुटला. उशीर झाला होता, आणि पहिली ओळ चुकवायची नव्हती.

तर काय झालं? ऐन वेळी रानातून एक अनोळखी मुलगी आली, हातात पांढऱ्या घोड्याचा लगाम. सरदार घोड्यावर बसला, बाई वाचली, सगळे खूश. तोरिबिओचा चेहरा असा झाला की जणू त्याला कुणी बाजारात आजारी बैल विकलाय.

"ही फसवणूक आहे, बाईसाहेब. घोडा असाच येतो का? ज्यानं लिहिलं त्याला विचारा, त्यानं ठरवायला पाहिजे होतं."

सगळे हसले. मी त्याची बाही ओढून घरी आणला. मागच्या आवारात गेले आणि तिथंच थिजले. अडसर जमिनीवर पडलेला होता. अबाद घोडीच्या आवारात तिच्या शेजारी उभा, डोळे अर्धे मिटलेले, अगदी शांत.

झालं की नाही झालं, पाहिलं कुणीच नव्हतं. मी एवढंच म्हणाले, "अडसर तू लावला नाहीस."

त्यानं अबादला बाहेर काढला, अडसर लावला, पुन्हा काढून पुन्हा लावला. त्या दिवसापासून आमच्या घरात सुख म्हणून राहिलं नाही.

घोडी गाभण राहिली, हे जून सरता सरता कळलं. बाईसाहेब आनंदात. शिंगरू झालं की ते विकून घराची कौलं आणि स्वतःचा झगा, दोन्ही नवं करायचं असा त्यांचा बेत होता. तोरिबिओला बोलावून घोडीच्या पोटावर हात ठेवायला लावायच्या. "काय म्हणतो माझा राजपुत्र?" हा हात ठेवायचा आणि घाम पुसायचा. घोड्याचं असेल तर अकरा महिने आणि वर थोडे दिवस. गाढवाचं असेल तर आणखी पंधरवडा, कधी जास्त. हे त्याला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि आम्ही दोघं तोंडाला कुलूप घालून बसलो होतो. तो बसला नव्हता, पण समजून घ्या.

घोड्याचा हिशेब फेब्रुवारीच्या शेवटी संपत होता. फेब्रुवारी गेला. तोरिबिओ रोज सकाळी बाईसाहेबांच्या तबेल्यात जाऊन घोडीची कास बघून यायचा.

"काही नाही," म्हणायचा.

"कधीकधी उशीर होतो."

"होतो."

मग गावाबाहेरच्या विहिरीपर्यंत जायचा, परत यायचा. पुन्हा तबेला. मार्चचा पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. त्याचे जोडे झिजले. रात्री मी हात लांब केला की बाजूची जागा थंड असायची. लोक मला विचारायला लागले, तुझा नवरा आजारी आहे का? मी म्हणायचे, जन्मापासून.

मार्चच्या मध्याला माझाच धीर सुटला. मी म्हटलं, "अरे, अबादला घे आणि नदी ओलांड. तिकडे कायद्याचं भय नाही. मी मागून भांडी घेऊन येते. तपासनीस आला तर त्याला रिकामं आवार सापडू दे."

तो लगेच निघाला. मला वाटलं सुटलो. मी भांडीसुद्धा गोणीत भरली. तिसऱ्या दिवशी दुपारी हा अंगणात, अबाद मागे.

"नदीपर्यंत गेलो होतो," तो म्हणाला. "नाववाला म्हणाला, चढ. मी चढलो नाही."

"का पण?"

"अगं, खेचर निघालं आणि मी पळालेला असलो, तर लोक काय म्हणतील? म्हणतील, बाईनंच केलं, पैशाच्या लोभानं. गाढववाल्याला चार नाणी देऊन पळवून लावला. त्यांचं नाव जाईल. घोडीपेक्षा ते वाईट."

"आणि आपलं काय? आपण काय खायचं?"

"ते मला माहीत नाही."

मला इतका राग आला की मी गोणीतून एकेक भांडं काढून आपटलं. बाईसाहेबांच्या नावाची एवढी काळजी, आणि बायकोच्या पोटाची? तसं त्याला तोंडावर बोललेही. त्यानं सगळं ऐकून घेतलं, एक फुटलेला मडक्याचा तुकडा उचलून खिडकीत ठेवला, आणि बाहेर पडला. संत होसेचा सण होता त्या दिवशी, मंगळवार. तो सरळ अल्काल्देकडे गेला, म्हणजे गावचा न्यायनिवाडा करणारा, त्याच्याकडे. अडसर मीच विसरलो, बाईसाहेबांना यातलं काही ठाऊक नाही, असं त्यानं लिहून घ्यायला लावलं आणि खाली फुली मारली.

अल्काल्दे तसा वाईट माणूस नव्हता. त्यानं सांगितलं, "गुन्हा कबूल केलास, आता माझा हात बांधलेला आहे. गाढव जप्त. गुरुवारी बाजाराच्या दिवशी धिंड. घोडीचं शिंगरू झाल्यावर ठरवू. कान आखूड निघाले तर घोडी बाईंची. लांब निघाले तर तपासनीस नेईल, मी अडवू शकणार नाही."

संध्याकाळी दोन्या मेन्सिया आमच्या दारात आल्या. पायी. मी त्यांना रस्त्यात पायी पाहिलं ते पहिल्यांदा. आत आल्या नाहीत.

"वर्षभर माझ्या दारात उभा राहून पुस्तक ऐकत होतास," त्या त्याला म्हणाल्या. "वर्षभर तिच्या पोटावर हात ठेवत होतास."

"हो, बाईसाहेब."

"मला सांगता आलं नाही?"

"रोज सांगायचं ठरवून यायचो."

त्या माझ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "तिला आज दूध उतरलंय. ओलाया, तू येशील का? मला यातलं काही कळत नाही." मी गेले. राग होता, पण जनावराचा काय दोष?

बुधवारी काही झालं नाही. गुरुवारी सकाळी, बाजार भरत असताना, घोडी बसली. तिकडे चौकात दवंडीवाल्याचा कर्णा वाजला आणि इकडे पहिला पाय बाहेर आला. तोरिबिओला त्याच वेळी अबादच्या पाठीवर चढवत असतील. कर्णा प्रत्येक कोपऱ्यावर थांबून वाजत होता. बाईसाहेब माझ्या शेजारी गवतात गुडघे टेकून, बाह्या कोपरापर्यंत, कळ आली की घोडीबरोबर त्याही श्वास धरायच्या.

शिंगरू आलं. ओलं, काळसर, कान मानेला चिकटलेले. कुणाला हात लावायचं धाडस होईना. शेवटी मी गवतानं डोकं पुसलं. कान उभे राहिले. आखूड. नाजूक, टोकदार, घोड्याचे. शेपूटही घोड्याचं, मुळापासून केसांचं. मी दोनदा पाहिलं, तीनदा पाहिलं.

दोन्या मेन्सिया गवतातच बसकण मारून हसायला लागल्या, आणि हसताहसता डोळ्यांतून पाणी. "जा," म्हणाल्या, "धाव, त्याला सांग. आधी त्याला सांग."

मी धावले. रक्ताळलेले हात एप्रनला पुशीत धावले. आणि गल्लीच्या वळणावर थांबले. माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली, की म्हणजे हे सगळं फुकट. दोन दिवस तोंड बंद ठेवलं असतं तर काही झालं नसतं. अबाद आमचा राहिला असता. हे त्याला आता, सगळ्या बाजारासमोर, गाढवावर बसलेला असताना सांगायचं? तो तिथंच कोसळेल, मला वाटलं. निदान धिंड तरी कशासाठी तरी निघाली असं त्याला वाटू दे. घरी आल्यावर हळूच सांगेन.

कारंज्यापाशी मिरवणूक थांबली होती. दवंडीवाला ओरडत होता. तोरिबिओच्या अंगात सदरा नाही, हात पुढे बांधलेले, पाय खाली लोंबकळताहेत. कुणी ओरडलं, "तोरिबिओ, बसलास एकदाचा." कुणी कोबीचा देठ फेकला. अबाद बिचारा कान हलवीत शांत उभा होता, जणू बाजाराला आलाय. तोरिबिओची मान ताठ होती. तो कुणाकडे बघत नव्हता, नुसता गल्लीकडे बघत होता. मी दिसले तसा वाकला.

"व्याली?"

"व्याली."

"कान?"

मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "लांब."

त्याचा चेहरा पाहिला आणि मला कळलं की मी काहीतरी भलतंच केलंय, पण तेवढ्यात कर्णा वाजला आणि अबाद पुढे निघाला. मी मागून हाक मारली. गर्दीत ती कुणाला ऐकू जाणार? त्याची मान खाली गेली होती. बांधलेले हात तोंडाशी नेऊन तो रडत होता, लहान मुलासारखा, आणि लोकांना वाटलं धिंडीची लाज. ते आणखीच चेकाळले.

खालच्या वेशीत त्याला उतरवला, हात सोडले. अबादला शिपाई घेऊन गेले. त्याच्याकडेही हा बघायला थांबला नाही, मला ओलांडून सरळ दोन्या मेन्सियांच्या तबेल्याकडे पळाला, उघड्या अंगानं. माफी मागायला गेला होता. मी घरी जाऊन दारात उभी राहिले. दुसरीकडे कुठं जाणार?

बऱ्याच वेळानं आला. अंगावर कप्तानाचा जुना सदरा होता, बाईसाहेबांनी दिलेला. मला वाटलं आता ओरडेल, मारेल. आयुष्यात कधी मारलं नव्हतं, पण त्या दिवशी मारलं असतं तर मी काही बोलले नसते.

"खोटं का सांगितलंस?" त्यानं विचारलं.

"तुला वाटलं असतं, सगळं फुकट गेलं. धिंड फुकट, अबाद फुकट. तुझं काळीज फुटलं असतं."



"अगं, मी त्या कानांसाठीच जागा होतो वर्षभर," तो म्हणाला. "तू खरं बोलली असतीस तर त्या गाढवावरून मी सगळ्या गावाला हात करत गेलो असतो."

कारंज्यापासून खालच्या वेशीपर्यंत दोनशे पावलं आहेत. ती दोनशे पावलं तो रडत गेला, आणि ते राजानं केलं नाही, अल्काल्देनं केलं नाही. मी केलं.